आधी मातीचा वाटा

पोरा, उलंगवाडी झाली की पऱ्हाटी पेटवून मोकळा होऊ नको. धुऱ्यावर गंजी लावून जूनपर्यंत ठेवूही नको. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी अळी दडलेली असते, पुढच्या कपाशीवर तीच चढते. फरदडीचा मोह सोड, श्रेडर आण आणि बारीक केलेल्या पऱ्हाटीवर शेणकाला शिंपडून ती कुजव. कांडी कोळशाच्या कारखान्याची गाडी दारात आली तर जरूर वीक, पण सगळी नको. माझं म्हणणं, निम्मी शेतालाच राहू दे. वावर रिकामं करून आलेला पैसा पुढच्या साली खताच्या दुकानात जातो.

जाडजूड खुंटांचा कोळसा कर. वर रुंद, तळाशी निमुळता खड्डा खण. तळात जाळ धरला की वाळल्या खुंटांचा पातळ थर टाक. त्यावर पांढरी राख धरू लागली, की लगेच दुसरा. सगळा वेळ तिथंच उभा राहा. शेवटी भरपूर पाणी ओतून विझव, नाहीतर हाती नुसती राख येते. आणि हा कोळसा कोरा मातीत टाकू नको, तो नत्र ओढून बसतो. आधी शेणखतात मुरव.

मृगाच्या सुमारास निंबोळ्या पडतात, नेमकी पेरणीची घाई असते आणि त्या मातीत जातात. त्या वेच. गर धुऊन काढ, बी सावलीत वाळव, गोणपाटात भर. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. फवारणीला 5 किलो कुटलेलं बी रात्रभर भिजव, फडक्यातून गाळ, साबणाचं पाणी घाल आणि 100 लिटर कर. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवार. उन्हात त्याचा कस जातो.

नाल्याकाठी मानवेल लाव. 2017 पासून खासगी जमिनीतला बांबू कायद्यानं झाडात मोडत नाही. तोड मात्र तीन वर्षांपुढचीच काठी, आणि पावसाळ्यात कोंब फुटत असताना कोयता लावू नको.

धुऱ्यावर गिरीपुष्प चालेल, पण ते परमुलखाचं. आपला करंज उन्हाळा काढतो, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, पाला आणि ढेप दोन्ही वावराला कामी येतात. चैत्रात शेंगा गोळा करून ठेव आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की बी टोच.