आभासी वास्तवातील वाट : आगाशिवची लेणी आणि कराडची विहीर

वारसास्थळाचे शब्दांतील वर्णन आपण याआधी अभ्यासले आहे. तेच स्थळ आभासी वास्तवात उभे करावयाचे झाल्यास प्रेक्षकाने त्यातून कसे फिरावे, याचा विचार येथे करू.

कराडजवळील आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. करहाटक हे कराडचे प्राचीन नाव. तेथील दात्यांचे उल्लेख दूरच्या भारहुत येथील शिलालेखांतही आढळतात. लेणी डोंगरभर विखुरलेली असून चढण दमविणारी आहे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांच्यासाठी आभासी फेरी ही चैन नव्हे.

हेडसेट घातलेल्या प्रेक्षकाला सरकत पुढे नेले, तर डोळ्यांना गती दिसते. परंतु कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही. या विसंगतीमुळे मळमळते. म्हणून अनेक रचनाकार ‘उडी’ पसंत करतात : हातातील नियंत्रकाने जागा दाखवावी आणि क्षणात तेथे पोहोचावे. विहारांच्या ओळीत हे चालून जाते. कराडच्या जुन्या कोटातील नकट्या रावळ्याच्या विहिरीत मात्र ते घातक ठरते. पायऱ्यांची ही विहीर पाहणे म्हणजे ती उतरणे. पायरीगणिक भिंती उंच होत जातात, उजेड मागे राहतो. एका उडीत तळ गाठणाऱ्यास खोली कळतच नाही. येथे चार-चार पायऱ्यांच्या लहान उड्या ठेवाव्यात आणि प्रत्येक टप्प्यावर मान वर करून आकाश पाहण्याइतका वेळ द्यावा. (गारवा यंत्राला देता येत नाही, हे मान्यच करावे लागेल.)

वाट कोठे संपते, हा प्रश्न अधिक नाजूक आहे. डोंगरमाथ्यावर महादेवाचे मंदिर आहे. फेरी स्तूपापाशी संपविली तर आजची उपासना गळते; मंदिरापाशी संपविली तर लेणी केवळ वाटेतला विसावा ठरतात. माझ्या मते शेवट सक्तीचा नसावा. दोन्ही वाटा खुल्या ठेवाव्यात.

भाषेच्या विद्यार्थ्याचे काम येथेच सुरू होते. निवेदक ‘डावीकडे पाहा’ म्हणतो, तोवर प्रेक्षकाने मान वळविलेली असते आणि डावे बदललेले असते. ‘स्तूपाकडे’, ‘कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे’ अशी स्थळाला बांधलेली दिशा चुकत नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एखाद्या विहिरीत किंवा देवळात नेणारे आठ वाक्यांचे निवेदन लिहा. ‘डावे’ व ‘उजवे’ हे शब्द टाळा.