माणशी पाणी

मंडळी, पाऊस बरा झाला तरी गावातल्या सगळ्यांच्या शेताला पाणी मिळतं का? नाही. ज्याची विहीर, त्याचं पाणी. बाकीच्यांनी आभाळाकडे बघायचं. ही रीत बदलायला निघालेल्या एका माणसाची हकीकत आज आपण वाचू.

त्यांचं नाव विलासराव साळुंखे. ते इंजिनियर होते. पुण्यात त्यांचा कारखाना होता. १९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. शेतकरी खडी फोडायला जाऊ लागले. पुरंदर तालुक्यात विलासरावांनी हे हाल पाहिले. खडी फोडून आजची भाकरी मिळते. पण पुढच्या दुष्काळाचं काय? पाणी अडवलं तरच शेत वाचेल, हे त्यांनी ओळखलं.

नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर उताराची जमीन होती. ती त्यांनी कराराने घेतली. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान ही संस्था काढली. उतारावर बांध घातले. पाणी थांबलं, मातीही थांबली. पायथ्याला पाझर तलाव केला. तलावाचं पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरीत आलं. ते पंपाने वर चढवलं. माळावर पीक उभं राहिलं.

पण खरा प्रश्न पुढेच होता. हे पाणी वाटायचं कसं? यासाठी त्यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम असे :

१. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी. एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं.

२. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकायचा नाही.

३. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.

४. ऊस लावायचा नाही. ऊस फार पाणी पितो.

५. खर्चाचा पाचवा हिस्सा गावकऱ्यांनी घालायचा.

आता हिशेब करा. एका घरात पाच माणसं, जमीन वीस एकर. दुसऱ्या घरातही पाच माणसं, जमीन तीन एकर. दोघांनाही पाणी अडीच एकरांचंच. आहे की नाही न्याय?

अशा योजना इतर गावांतही झाल्या. सगळ्याच टिकल्या नाहीत. नियम कागदावर लिहिणं सोपं, पाळणं अवघड. शेजारच्या शेतात ऊस डुलताना पाहून आपला हात आवरणं काही सोपं नाही, बरं का! विलासराव मात्र अखेरपर्यंत हेच काम करत राहिले. २००२ साली ते वारले.

आम्हाला यातून एक गोष्ट पटली. बांध घालायला कुदळ पुरते. पाणी वाटायला मन मोठं लागतं.

विचार करा :

१. तुमच्या घरात माणसं किती? पाणी पंचायतीच्या नियमाने तुम्हाला किती एकरांचं पाणी मिळेल?

२. तुमच्या गावच्या उतारावरचं पाणी कुठे जातं?