दारू सोडू पाहणाऱ्याचा सोबती

(अभ्यासाचे शास्त्रभाग : याकोब 5:13-16, गलतीकरांस 6:1-5)



मुळशीच्या खेड्यांत भाताची कापणी होऊन हाती पैसा आला, की कित्येक घरांतील तो पैसा दारूच्या दुकानी जातो. आपल्या मंडळ्याही ह्या दुःखापासून अलिप्त नाहीत. अशा बंधूस साहाय्य कसे करावे, हा आजचा पाठ आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका बंधूस मी सर्व मंडळीदेखत शपथ घ्यावयास लावली. त्याने त्याच दिवशी दारू एकदम बंद केली. दुसऱ्या रात्री त्याचे अंग थरथरू लागले व भिंतीवर नसलेले प्राणी त्यास दिसू लागले. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. मी रात्रभर प्रार्थना केली, पण गाडी बोलाविली नाही. पहाटे त्यास झटका आला, तेव्हा कोठे दवाखाना गाठला. तो वाचला ही देवाची दया; त्यात माझे शहाणपण काहीच नव्हते. दोन महिन्यांनी शपथ मोडली, आणि लाजेने त्याने उपासनेस येणेच सोडले.

1. पहिले पाऊल वैद्याकडे. पुष्कळ काळ रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येणे, भ्रम होणे, क्वचित प्राण जाणेही संभवते. ही भूतबाधा नव्हे. दारूस सरावलेल्या मज्जासंस्थेचा तो क्षोभ आहे, आणि त्यावर औषध आहे. म्हणून आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

2. दुसरे पाऊल सोबत्यांकडे. मे 1935 मध्ये अमेरिकेतील ॲक्रन नगरात बिल विल्सन नावाचा एक व्यापारी धंद्यात निराश होऊन हॉटेलात उभा होता. काही महिने त्याने दारू सोडली होती. आता पुन्हा मोह झाला. त्याने तेथील यादीतून एका पाळकास टेलिफोन केला, व त्यातून डॉ. बॉब स्मिथ ह्या दुसऱ्या मद्यप्याशी त्याची गाठ पडली. एकमेकांस आपली कथा सांगता सांगता दोघेही सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संगत निघाली, व 1957 मध्ये ती मुंबईस आली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी 1986 मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र स्थापिले. ज्यास घरी राहून दारू सुटत नाही, त्याने तेथे काही आठवडे राहून उपचार घ्यावे.

3. सभेत काय घडते? फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आडनाव कोणी विचारीत नाही, व ऐकलेले बाहेर सांगावयाचे नाही. प्रत्येक जण आपलाच अनुभव सांगतो. ज्यास बोलावयाचे नसेल त्याने नुसते ऐकावे. जन्मभराची शपथ नाही. केवळ आजचा दिवस न पिण्याचा निश्चय. ही संगत कोणत्याही चर्चची वा पंथाची नव्हे. देवाविषयी ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावे असे ती सांगते. म्हणून ख्रिस्ती मनुष्याने तेथे जाण्यास संकोच धरू नये.

4. सभा कशी शोधावी? व्यसनमुक्तीसाठी शासनाचा 14446 हा दूरध्वनी क्रमांक आहे, तेथे विचारावे. पुणे शहरात अशा सभा भरतात. स्थळ व वेळ बदलते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी, व पौडकडे परतण्याची शेवटची एस.टी. केव्हा सुटते तेही पाहून ठेवावे. ‘खुल्या’ सभेस घरच्यांना जाता येते. ‘बंद’ सभा केवळ दारू सोडू इच्छिणाऱ्यांची असते. कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही निराळी संगत आहे. एका सभेत मन न रमल्यास दुसरीस जावे.

5. मंडळीचे कर्तव्य. पहिल्या सभेस एकट्यास धाडू नये. कोणीतरी बरोबर जावे. मंडळीसमोर नाव घेऊन प्रार्थना करू नये. तो पुन्हा घसरला, तर त्यास घालवून देऊ नये, परत सभेस न्यावे. दारू सोडू इच्छिणारे दोघे-तिघे नियमाने जमले, तर त्यांचाही गट होऊ शकतो. दोघातिघांच्या जमण्याविषयी प्रभूने दिलेले अभिवचन आपण जाणतोच.

शेवटी मी त्या बंधूच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आम्ही डॉक्टरांकडे गेलो, मग एस.टी.ने पुण्यास गेलो व खुल्या सभेत मागच्या बाकावर बसलो. परतताना तो एवढेच म्हणाला, “पाळकसाहेब, तिथं मला कोणी काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्याला जाऊ.” आम्ही गेलो.

मननासाठी प्रश्न : (1) शपथ मोडणाऱ्यास आपली मंडळी कसे वागविते? (2) आपल्या गावी रात्री कोणास झटका आला, तर गाडी कोणाची मिळेल? (3) ह्या आठवड्यात आपण कोणाच्या सोबतीस जाऊ?