ओढ्यात बंद पडलेली गाडी

प्रश्न : ताम्हिणीजवळ ओढा ओलांडताना माझी डिझेल जीप बंद पडली. पाणी बॉनेटला लागलं होतं. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढली. आता स्टार्टर मारून बघू का?
– एक वाचक, मुळशी

उत्तर : अजिबात नको. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टनला वर यायला जागाच उरत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात वर आलेल्या पिस्टनच्या डोक्यावर उरणारी जागा मुळातच कमी, त्यामुळे थोडं पाणीही पुरतं. ढकलस्टार्ट तर त्याहून वाईट.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग एअर फिल्टर उघडा. तो आणि पुढचा पाइप कोरडा असेल, तर बहुधा वायरिंगचाच घोटाळा. ओला असेल, तर मेकॅनिककडून ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढून घ्या आणि क्रँक पान्याने हातानेच फिरवून पाणी बाहेर काढा. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ दिसलं, तर सुरू करण्याआधीच ऑइल आणि फिल्टर बदला. थोडं चालवून पुन्हा एकदा बदला. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइलही तपासा. गॅरेजवाले हे हमखास विसरतात.

विम्यात इंजिन संरक्षणाची जोड नसेल, तर असा दावा सहसा नाकारला जातो. पॉलिसी आजच काढून वाचा.