आधी काय दिसलं ते सांगा, मत नंतर

हौशी फोटोग्राफरांच्या गटात वावरणाऱ्यांना दोन तऱ्हेचे अभिप्राय तोंडपाठ असतात. एक म्हणजे 'अप्रतिम', 'मस्त क्लिक', 'कॅमेरा कुठला?' आणि दुसरा म्हणजे 'काही खास नाही', 'अजून बरंच शिकायचंय'. पहिल्यानं बरं वाटतं, दुसऱ्यानं वाईट वाटतं. पुढच्या वेळी कॅमेरा हातात घेतल्यावर वेगळं काय करायचं, हे मात्र दोन्हींतून कळत नाही. अनुभवाअंती माझं मत पक्कं झालंय, की अभिप्राय गोड आहे की कडू हा प्रश्नच गौण आहे. फोटो काढताना घेतलेल्या एखाद्या निर्णयापर्यंत तो पोचतो का, एवढंच पाहावं. कुठं उभं राहायचं, किती जवळ जायचं, चौकटीत काय घ्यायचं, काय सोडायचं, बटण कधी दाबायचं, उजेड किती आत येऊ द्यायचा, या सगळ्या निर्णयांतून फोटो घडतो. बोलणं या निर्णयांविषयी नसेल, तर ते हळूहळू माणसाविषयी होऊन बसतं आणि नुकसान तिथूनच सुरू होतं.

हे नुकसान काल्पनिक नाही. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डिनिसी या अभ्यासकांनी 1996 साली अभिप्रायावरच्या आधीच्या संशोधनाचा मोठा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. अभिप्रायाचा सरासरीनं फायदाच होतो, हे त्यात दिसलं. पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा खालावलं होतं. लक्ष हातातल्या कामावरून स्वतःकडे वळलं, की अभिप्रायाचा गुण कमी होतो, अशी कारणमीमांसा त्यांनी मांडली. यातून स्तुतीही सुटत नाही. 'तुला नजर आहे' हे ऐकून सुखावलेला माणूस ती कीर्ती सांभाळायला लागतो आणि ज्या फोटोला वाहवा मिळाली, तोच फोटो ठिकाणं बदलून काढत राहतो. आमटी अळणी झालीय म्हटलं तर मीठ घालता येतं. 'तुझ्या हाताला चव नाही' म्हटल्यावर करणारीनं काय घालायचं?

एक उदाहरण जवळून पाहू. दिवेघाटात पालखीच्या वाटेवर काढलेला, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीचा फोटो समोर आहे असं समजा. चेहरा काळपट आलाय आणि मागं पाण्याचा टँकर आहे. 'बॅकग्राउंड डिस्टर्ब करतंय, लाइट नीट नाही' असं म्हणून मोकळं होता येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. आधी आपल्या नजरेचा प्रवास सांगावा: 'मला पहिल्यांदा तुळस दिसली, मग नजर टँकरच्या निळ्या रंगावर गेली आणि तिथंच अडकली. चेहऱ्याकडे मी सगळ्यात शेवटी आलो.' मग कारण सांगावं. मागचं आकाश उजळ होतं, कॅमेऱ्यानं त्या उजेडाशी जुळवून घेतलं म्हणून चेहरा अंधारला. शेवटी उपाय: दोन पावलं बाजूला सरकून जरा खाली बसलं असतं, तर टँकर सुटून तुळस मोकळ्या आकाशावर आली असती. एक्स्पोजर थोडं वाढवलं असतं तर चेहरा उजळला असता, मात्र तेव्हा पांढऱ्या टोप्या आणि धोतरं जळणार नाहीत याकडे लक्ष ठेवावं लागलं असतं. दिसलं काय, झालं कशामुळं, करता काय येईल, या क्रमानं बोललं की ऐकणाऱ्याला राग यायला फारशी जागा उरत नाही, कारण त्याच्यावर शेरा मारलेलाच नसतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की फोटो ही आवडीनिवडीची गोष्ट आहे, तिथं चूक-बरोबर कोण ठरवणार? आवड ज्याची त्याची, हे मला मान्य आहे. पण नजर टँकरवर अडकली ही आवड नाही, ते निरीक्षण आहे, आणि ते पडताळून पाहता येतं. तोच फोटो आणखी तिघांना दाखवा. तिघेही त्याच जागी अडखळले, तर काहीतरी आहे. एकटाच अडखळला, तर ती कदाचित त्याची आवड असेल. म्हणूनच निरीक्षण आणि मत वेगळं ठेवण्याचा माझा आग्रह आहे. 'मला कृष्णधवल जास्त भावतं' हे जरूर सांगावं, पण माझी आवड म्हणून, फोटोतला दोष म्हणून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियम मोडूनच मोठे फोटो झाले, मग रूल ऑफ थर्ड्सची पट्टी घेऊन हौशी माणसाला का मोजायचं? रॉबर्ट फ्रँक यांचं 'द अमेरिकन्स' हे 83 छायाचित्रांचं पुस्तक 1959 साली अमेरिकेत आलं, तेव्हा तिथल्या एका फोटोग्राफी मासिकातल्या टीकेत धूसरपणा, रवाळपणा आणि तिरक्या क्षितिजांवर बोट ठेवलं गेलं. पुढं तेच पुस्तक विसाव्या शतकातल्या महत्त्वाच्या छायाचित्रपुस्तकांत गणलं गेलं. क्षितिज तिरकं होतं, हे त्या टीकाकाराला बरोबर दिसलं होतं. पण त्या तिरकेपणानं पाहणाऱ्याला काय जाणवतं, हा पुढचा प्रश्न राहून गेला. माझ्या मते हे उदाहरण अभिप्रायाच्या विरोधात जात नाही, अर्धवट अभिप्रायाच्या विरोधात जातं. नियम मोडला एवढ्यावर थांबू नये. तो मोडल्यानं फोटोत काही आलं की नुसतंच काही गेलं, हे विचारावं.

आता फोटो दाखवणाऱ्याविषयी. 'कसा वाटला?' असं विचारलं की 'छान' हेच उत्तर येणार. त्याऐवजी 'नजर आधी कुठं जाते?', 'यातलं काय काढून टाकलं तर चालेल?' असं नेमकं विचारावं. एकच फोटो न दाखवता त्याच जागी टिपलेले आधीचे-नंतरचे चार-पाचही दाखवावेत, म्हणजे हुकला तो क्षण की निवड, हे कळतं. समोरचा बोलत असताना 'पाऊस होता', 'गर्दी फार होती' असं सांगत बसू नये. उद्या फोटो भिंतीवर लागेल तेव्हा खुलासा करायला आपण शेजारी उभे नसू. अडचण दाखवणारा बहुधा खरं बोलत असतो, त्यानं सुचवलेला उपाय मात्र बरोबर असेलच असं नाही. तो आपला आपण शोधावा. आणि कुणी नाक मुरडलं म्हणून फोटो पुसून टाकू नये. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनच्या छायाचित्र विभागाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना चक्क भोक पाडत. काय टिपायचं याची तपशीलवार टिपणं आपल्या छायाचित्रकारांना धाडणारेही तेच. त्या टिपणांनी पुढच्या कामाला दिशा दिली, भोकांनी फक्त दार बंद केलं. भोकं पडलेली ती चित्रं आज लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि अभ्यासक ती आवर्जून पाहतात. डिलीटचं बटण तर त्या भोकाहूनही निर्दय आहे.

राहता राहिली नवशिक्याच्या कोवळ्या मनाची काळजी. ती मलाही आहे, पण कौतुकाचा पाऊस हा तिच्यावरचा इलाज नव्हे. सगळे 'वा वा' म्हणत असताना फोटो मात्र जागच्या जागीच राहतात, तेव्हा माणूस मुकाट्यानं कॅमेरा कपाटात ठेवतो. त्याचं मन जपायचं असेल तर त्याच्या फोटोला वेळ द्या. बोलायच्या आधी मिनिटभर तरी नीट पाहा, जमलेली एक गोष्ट कारणासह सांगा, सुधारण्याजोगी एकच निवडा आणि ती पुढच्या खेपेला करून पाहता येईल अशा शब्दांत सांगा. दहा दोष एकदम ऐकवले तर एकही लक्षात राहत नाही. तुमचं बोलणं ऐकून त्याला पुन्हा कॅमेरा घेऊन बाहेर पडावंसं वाटलं, आणि गेल्यावर काय वेगळं करायचं हे त्याला ठाऊक असलं, तर तुमचा अभिप्राय कामी आला.