बालकांचे घोरणे : दुर्लक्ष नको, घाईही नको

मूल घोरते म्हणजे गाढ झोपते, असा समज अनेक घरांत रूढ आहे. वस्तुतः नाकामागील अ‍ॅडेनॉइड व घशातील टॉन्सिल वाढल्यास झोपेत श्वासमार्ग वारंवार अरुंद होतो, रक्तातील प्राणवायू घटतो व झोप मोडते. अशी मुले दिवसा पेंगण्याऐवजी पुष्कळदा चंचल व चिडचिडी दिसतात आणि दोष स्वभावाला दिला जातो.

मग शस्त्रक्रिया कोणास आवश्यक? अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राणवायू दीर्घकाळ घटणारी मुले त्यात नव्हती. ७ महिन्यांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची निद्रातपासणी सामान्य आली. केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. शस्त्रक्रियेने वर्तन व जीवनमान अधिक सुधारले; एकाग्रतेच्या चाचणीत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

तात्पर्य, घोरणाऱ्या प्रत्येक मुलास शस्त्रक्रिया लागत नाही; परंतु आठवड्यातून तीन वा अधिक रात्री घोरणे अथवा झोपेत श्वास अडखळणे दिसल्यास तपासणी अवश्य करावी. पालकांनी रात्री जागून केलेले निरीक्षण हेच निदानाचे पहिले पाऊल होय.