करारांतील लवादाचें कलम व शेतकऱ्याचा ग्राहक म्हणून हक्क

बियाणें, पंप, ठिबकचा संच अथवा ट्रॅक्टर घेतांना जो छापील करार पुढें येतो, त्याच्या अखेरीस पुष्कळदां बारीक अक्षरांत एक कलम असतें: या व्यवहारांतील तंटा लवादाकडेच न्यावा. लवाद म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणारा पंच. समबल पक्षांत ही व्यवस्था सोयीची खरी. परंतु दोन एकरांचें पीक बुडालेल्या शेतकऱ्यानें दूरच्या शहरीं जाऊन पंचाच्या फीचा भार कसा सोसावा? महसुली कचेरींत असतां आम्हीं पाहिलें आहे कीं, एकदां सही झाली म्हणजे आपले हात बांधले गेले, असें समजून माणूस गप्प बसतो. या बाबतींत तसें समजण्याचें कारण नाहीं.

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम 1986 सालीं झाला. त्याच्या कलम 3 अन्वयें या कायद्यांतील दाद ही इतर कायद्यांतील उपायांस बाध न आणतां अधिक म्हणून दिलेली होती. 20 जुलै 2020 पासून 2019 चा नवा कायदा अंमलांत आला. त्याच्या कलम 100 मध्यें हेंच तत्त्व कायम आहे.

शेतकऱ्यांस विशेष महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2012 मध्यें दिला. आंध्र प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं राष्ट्रीय बीज निगमाचें बियाणें पेरलें. पीक हातचें गेलें. निगमाचें म्हणणें असें कीं, शेतकरी हे ग्राहकच नव्हेत, करारांत लवादाचें कलम आहे, आणि बियाण्याची प्रयोगशाळेंत तपासणी झालेली नाहीं. न्यायालयानें हे आक्षेप फेटाळले. लवाद हा एकमेव मार्ग नसून शेतकऱ्याच्या निवडीचा प्रश्न आहे. आणि सर्व बियाणें पेरून टाकणाऱ्यानें तपासणीसाठीं नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा करतां येत नाहीं, असें ठरलें.

पुढें 2015 सालीं लवाद कायद्यांत दुरुस्ती झाली, तेव्हां हा हक्क गेला काय, अशी शंका निघाली. डिसेंबर 2018 मध्यें एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या घरखरेदीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ती दूर केली. ग्राहकाची तक्रार लवादाच्या कलमानें अडत नाहीं.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. कंपनीच्या नोटिशीस भुलून शेतकरी स्वतः प्रथम लवादाकडे गेला, तर मागाहून ग्राहक आयोगाचें दार बंद होण्याचा संभव आहे. म्हणून मार्ग आधीं विचारपूर्वक निवडावा.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. पावती, पिशवी व तिच्यावरील लॉट क्रमांकाची खूणचिठ्ठी जपून ठेवावी. उगवण बिघडल्याचें दिसतांच तालुका कृषि अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून उभ्या शेतांत पंचनामा करवावा व अर्जाची पोंच घ्यावी. नांगर फिरल्यावर पुरावा उरत नाहीं. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत आपण राहतों त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करतां येते. मोबदल्याची रक्कम 50 लाखांपर्यंत असल्यास हा जिल्हा आयोग तक्रार ऐकतो. ती 5 लाखांपर्यंत असल्यास फी पडत नाहीं. वकील दिलाच पाहिजे, असेंहि नाहीं.

सही करण्यापूर्वीं करार वाचावा, हें तर खरेंच. परंतु सही झाली म्हणून कायद्यानें दिलेला हक्क सोडूं नये.